बगळ्याची कॅसेट

आमच्या आईला गळा होता, हे आम्हाला घरात कधी वेगळं जाणवलं नाही. ती भाकरी थापताना गायची, शेळीला पाला टाकताना गायची, आणि सगळ्यात चांगलं गायची ती कुणावर तरी रागावली असताना. दादा, म्हणजे आमचे वडील, कारखान्यात वजनकाट्यावर होते. पाळी करून ते घरी आले आणि चुलीपुढून गाणं ऐकू आलं, की ते चपला बाहेरच काढून मला खुणेनं विचारायचे, "कुणावर?" मी बोटानं त्यांच्याकडंच दाखवायची. सांगवीत आमचं घर विहारापासून चौथं. दोन खोल्या, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, अंगणात शेवग्याचं झाड. सकाळी विहारातली वंदना, त्यानंतर नदीकडच्या पाण्याच्या मोटारींचा आवाज, हंगाम असला तर उसाच्या गाड्यांच्या बैलांची घुंगरं आणि या सगळ्याच्या खाली आईचं गाणं, असं आमचं घर वाजायचं. मला वाटायचं, सगळ्यांचीच घरं अशी वाजतात.

तिची गाणी तिचीच होती. काही जात्यावरच्या ओव्यांच्या चालीवर, काही भीमगीतांच्या चालीवर, शब्द मात्र तिचे. तिला अक्षर येत नव्हतं. मी चौथीत असताना बाईंनी वहीच्या पहिल्या पानावर नाव लिहायला सांगितलं, तर मी स्वतःचं सुजाता हे नाव न लिहिता तिचं लिहिलं, 'कौसल्या'. का लिहिलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बहुतेक ते नाव लिहायला अवघड होतं, आणि मला ते येत होतं हे दाखवायचं होतं. आईनं विचारलं, "ह्ये काय हाय?" मी म्हटलं, "तू आहेस." तिनं ते पान बराच वेळ धरून ठेवलं. पुढचे काही दिवस ती ती अक्षरं चुलीतल्या कोळशानं गिरवत होती, आणि मला दुसरी वही आणावी लागली. त्यातून तिची सही झाली, आणि एक गाणं झालं:

माझ्या लेकीच्या वहीत माझं नाव गं पहिलं,
माझं जलमाचं कोरं पान तिनं शाईनं लिहिलं.

पुढं पाच कडवी होती. लग्नात, बारशाला, हळदीला बायका तिच्याकडं हेच मागायच्या. "कौसाबाई, वहीचं म्हना."

अशाच एका हळदीला काटेवाडीचे प्रभाकरतात्या स्पीकर लावायला आले होते. तात्यांचं बारामतीत एसटी स्टँडच्या मागं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दुकानाच्या वर एका खोलीत त्यांनी कॅसेट कंपनी काढली होती, 'नीराकाठ'. कंपनी म्हणायला तिथं तात्या होते, पेटी वाजवणारे रमजानचाचा होते, ढोलकीला येईल तो माणूस होता आणि एकदम चार कॅसेटी भरणारं एक यंत्र होतं. कॅसेटच्या कागदावर एका पायावर उभा असलेला बगळा होता. तो तात्यांच्या बायकोनं, सुमनकाकूंनी काढला होता, आणि त्याची चोच जरा जास्तच लांब झाली होती. लोक 'नीराकाठ' म्हणत नसत, 'बगळ्याची कॅसेट' म्हणत. पोवाडे, गवळणी, भीमगीतं, भारूड, एका म्हाताऱ्यानं काढलेले पक्ष्यांचे आवाज असं सगळं बगळ्यात मिळायचं. मोठ्या कंपन्यांच्या कॅसेटी लोक विकत घ्यायचे. बगळ्याच्या कॅसेटी विकत घ्यायचे आणि वर, त्यातला माणूस आमच्या मावशीच्या गावचा आहे, असंही सांगायचे.

तात्या आमच्या घरी आले ते दुपारी. अंगणात बाजेवर बसले आणि पहिल्यांदा पाणी मागितलं. आईनं माझ्याकडं पाहिलं, मग तांब्या दिला. ते प्यायले, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "अजून द्या." दादांनी त्या दिवशी एवढीच गोष्ट चार जणांना सांगितली. कॅसेटचं त्यांनी नंतर सांगितलं.

"वैनी, तुमचं वहीचं गाणं टेपावर घ्यायचं हाय," तात्या म्हणाले.

"मला वाचता येत न्हाय," आई म्हणाली. "मदीच इसरलं तर?"

"मग थांबायचं. परत म्हनायचं. टेप काय पळून जातीया व्हय?"

दादांचं म्हणणं असं, की बाईमाणसाचा आवाज कुठंही, कुणाच्याही दुकानात वाजणार, ते बरं दिसेल का. तात्या म्हणाले, "रामभाऊ, आभाळातल्या इमानाचा आवाज बी कुटंबी वाजतो. कोन काय म्हनतंय का?" याचा अर्थ दादांना लागला नाही, मलाही आजतागायत लागलेला नाही, पण दादा गप्प बसले.

ती वरची खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. भिंतींना साखरेची रिकामी पोती आणि त्यांच्यावर पोल्ट्रीतून आणलेले अंड्यांचे ट्रे ठोकलेले होते. रेकॉर्डिंग दुपारी दोन ते चार, कारण तेव्हा स्टँड जरा पेंगायचं आणि लाईट सहसा जायची नाही. पंखा बंद करावा लागायचा. घामानं सगळे निथळायचे. आईला कागद धरून उपयोग नव्हता म्हणून मी तिच्या समोर बसायची आणि प्रत्येक कडव्याआधी पहिल्या शब्दासाठी ओठ हलवायची. आवाज काढायचा नाही, फक्त ओठ. ती माझ्या तोंडाकडं बघत गायची. कोरसमध्येही मीच होते आणि सुमनकाकू होत्या. आणि कॅसेटच्या सुरुवातीला "नीराकाठ सादर करीत आहे" हे जे वाक्य यायचं, ते तात्यांनी माझ्याकडून म्हणवून घेतलं. मी तेव्हा बारामतीला कॉलेजात जायला लागले होते, घरातली पहिलीच, आणि माझं 'सादर' हे शुद्ध आहे असं तात्यांचं मत होतं. मला या कामाची इतकी ऐट होती, की मी एसटीतसुद्धा त्याच आवाजात तिकीट मागायची.

चार वाजले की जेवण. सुमनकाकू बाजरीच्या भाकरी आणि लसणाचा ठेचा आणायच्या, रमजानचाचा घरून खिमा आणायचे, आई शेवग्याच्या शेंगांचं कालवण आणायची. सगळं एका वर्तमानपत्रावर मांडायचं. गाण्याआधी आई काही खायची नाही, फक्त गूळ घातलेला कोरा चहा घ्यायची, त्यामुळं चार वाजता ती दोन माणसांचं जेवायची. जेवताना तात्या भरलेली टेप परत लावायचे आणि सगळे मान खाली घालून ऐकायचे. 'लेकीची वही' या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या गाण्यात, एक कोंबडा आरवतो. दुपारी अडीच वाजता तो का आरवला कोण जाणे. आई म्हणाली, परत म्हणते. तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. सुरात हाय." पुढं लोक दुकानात येऊन कोंबड्याची कॅसेट मागायला लागले.

ती कॅसेट चालली. चालली म्हणजे कशी, तर इंदापूरच्या बाजारात, कोऱ्हाळ्याच्या पिठाच्या गिरणीत, उसाच्या ट्रॅक्टरवर, जयंतीच्या मांडवात आईच असायची. आम्ही इंदापूरला मावशीकडं निघालो तर एसटीचा ड्रायव्हर तीच लावायचा, आणि आई पदर तोंडावर ओढून खिडकीकडं तोंड करून बसायची. एकदा शेजारच्या बाईनं तिला विचारलं, "ही गानारी कोन हाय ठावं हाय का? लई सोसलेलं दिसतंया तिनं." आई म्हणाली, "न्हाय ओ. बरं चाललंय तिचं." दूरदूरच्या बायका घर शोधत यायच्या आणि गाण्याचे शब्द माझ्याकडून उतरवून घ्यायच्या. एकीनं सांगितलं, ती गाणं ऐकून सही शिकली. तिनं ती आमच्या अंगणात मातीवर काडीनं करून दाखवली. त्या दिवशी आईनं मला संध्याकाळपर्यंत अंगण झाडू दिलं नाही.

तीन कॅसेटी झाल्या. चौथीची तयारी चालू असताना मुंबईची कंपनी आली.

मी इथं कुणाला खलनायक करणार नाही, कारण तसं कुणी नव्हतं. तात्या थकले होते. मागणी इतकी, की चार-चार कॅसेटी भरणारं यंत्र दिवसभर चालून पुरत नव्हतं, आणि त्यातच लोक बगळ्याच्या नकली कॅसेटी काढून विकायला लागले होते. त्या बगळ्याची चोच बरोबर लांबीची असायची, त्यावरून आम्ही ओळखायचो. मुंबईच्या कंपनीनं तात्यांना सांगितलं, की आम्ही नीराकाठ घेतो. नाव तेच, बगळा तोच, माणसं तीच, तात्या मॅनेजर. फक्त कॅसेट मोठ्या कारखान्यात भरली जाईल आणि पार नागपूरपर्यंत जाईल. तात्या हे सांगायला आमच्याकडं आले तेव्हा त्यांना बसवत नव्हतं. अंगणात फेऱ्या मारत बोलत होते. "वैनी, नागपूर! कळतंय का? नागपुरात तुमचं वहीचं गानं!" आमच्या घरात नागपूर या शब्दाला काय वजन होतं, ते वेगळं सांगायला नको. आईनं हातातलं सूप खाली ठेवलं.

कंपनीचा माणूस विनयसाहेब म्हणून होता. तिशीचा, नीटनेटका, मराठीच. तो घरी आला, आईच्या पाया पडला, शेंगांचं कालवण दोनदा मागून खाल्लं. मग त्यानं बॅगेतून कागद काढले. तीन पानं, इंग्रजीत टाइप केलेली. सगळ्या कलाकारांकडून सही घ्यायची आहे, नेहमीचीच पद्धत आहे, असं म्हणाला. आईनं कागद हातात घेतला, उलटा नाही, सुलटाच धरला, आणि माझ्याकडं दिला. विनयसाहेबही म्हणाला, "हो हो, ताई शिकलेल्या आहेत. वाचू देत की. सावकाश वाचा."

मी एस.वाय.ला होते. मराठी विषय घेऊन. इंग्रजीत मी पास होत होते, एवढंच. बाजेवर विनयसाहेब, तात्या, दादा, दारात सुमनकाकू, आणि आई समोर जमिनीवर, असे सगळे माझ्याकडं बघत होते. मी पहिलं पान वाचायला घेतलं. आर्टिस्ट कळलं. साउंड रेकॉर्डिंग कळलं. राइट्स म्हणजे हक्क हेही कळलं, पण ते कुणाचे आणि कुणाकडं चाललेत ते वाक्य संपेपर्यंत हातातून निसटायचं, कारण एकेक वाक्य अर्ध्या पानाचं होतं. 'असाइन' या शब्दात 'साइन' आहे म्हणून मी त्याचा अर्थ सही करणं असा लावला. 'परपेच्युइटी' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. मला एवढंच म्हणायचं होतं, की हे मला समजत नाही, आमच्या सरांना दाखवते, उद्या या. आठ-नऊ शब्द. पण माझ्या तोंडातून ते निघेनात. मी अंदाजानं, वाचून झालं असेल इतका वेळ प्रत्येक पानावर थांबले, आणि मग पान उलटलं. तिसरं पान संपल्यावर म्हटलं, "ठीक आहे."

आईनं तीनही पानांवर सही केली. तिला सही करायला वेळ लागायचा, एकेक अक्षर जागेवर बसवल्यासारखं. विनयसाहेब म्हणाला, "काय सुंदर अक्षर आहे." कागदाची एक प्रत तो आम्हाला देऊन गेला. आईनं ती माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटाबरोबर ट्रंकेत ठेवली.

पहिलं वर्ष खरोखर चांगलं गेलं. नव्या छापातल्या कॅसेटी चकचकीत होत्या, बगळा रंगीत झाला होता. मग बगळा लहान होऊन कोपऱ्यात गेला आणि त्याच्या जागी कुणा नटीसारख्या बाईचा फोटो आला. आई म्हणाली, "ही कोन?" तात्या म्हणाले, "तुमीच." मग माझं "सादर करीत आहे" गेलं, त्याऐवजी एक वाद्य वाजायला लागलं. मग कोंबडा गेला. मुंबईच्या माणसांनी तो कापून काढला, त्याला ते नॉइज म्हणत. पक्ष्यांचे आवाज काढणाऱ्या म्हाताऱ्याची कॅसेट बंद झाली, भारुडं बंद झाली, रमजानचाचांना निरोप आला की आता पेटीचं काम मुंबईतच कीबोर्डवर होतं. चौथी कॅसेट लांबत गेली. तात्या मॅनेजर होते, पण त्यांचं काम आता आलेली खोकी मोजून दुकानांना पाठवणं एवढंच उरलं. वरच्या खोलीत ते खोक्यांच्या मधे खुर्ची टाकून बसायचे. या सगळ्यात एकदाही कुणी वाईट बोललं नाही. प्रत्येक वेळी पत्र यायचं, आणि पत्राच्या शेवटी आभार मानलेले असायचे.

एका हिवाळ्यात आई दारात बसून ज्वारी पाखडत होती. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर चालला होता, टेप मोठ्यानं लावलेली. आईचं सूप थांबलं. "आपलंच हाय की," ती म्हणाली. चाल आपलीच होती. कडव्याच्या शेवटी तिची ती एक हेलकावणारी जागा होती, तीसुद्धा होती. पण आवाज कुणा कोवळ्या, गोड मुलीचा होता, मागं ठेका उडता होता, आणि शब्द होते, 'माझ्या सख्याच्या चिठ्ठीत माझं नाव गं पहिलं'. ट्रॅक्टर वळेपर्यंत आम्ही ऐकत होतो. मग आईनं उरलेली ज्वारी पाखडून घेतली. सगळी झाल्यावर म्हणाली, "चल, तात्याकडं जाऊ."

तात्यांनी आम्हाला बघितलं आणि का आलो ते विचारलंच नाही. ती कॅसेट त्यांच्या पुढ्यातच होती, 'सख्याची चिठ्ठी'. कागदावर गायिकेचं नाव होतं. गीत आणि संगीत यांच्यापुढं 'पारंपरिक' असं छापलेलं होतं.

"पारंपरिक म्हंजी?" आईनं मला विचारलं.

"म्हणजे जुनं. कुणाचंच नाही असं," मी म्हटलं.

"मी हाय की अजून," आई म्हणाली.

तात्यांनी विनयसाहेबाला फोन केला होता. तो नोकरी सोडून दुसरीकडं गेला होता. नव्या साहेबानं सांगितलं, की सगळं कागदाप्रमाणं आहे. जुनी 'लेकीची वही' आता निघणार नाही, कारण एकाच चालीच्या दोन कॅसेटी बाजारात नकोत.

"मग आमची मूळ टेप आमाला द्या," आई म्हणाली. "मी घरी ठिवते."

तात्या खाली बघत राहिले. मग म्हणाले, "टेपा कोऱ्या केल्या वैनी. वरून हुकूम आला. चांगल्या टेपा हायेत, पुसून वापरा, म्हनले." थोडं थांबून म्हणाले, "मीच पुसल्या. दुसऱ्या कुनाला करू दिल्या न्हाईत."

सुमनकाकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच उभ्या राहिल्या. आईनं चहा घेतला, संपवला, कप विसळून ठेवला आणि म्हणाली, "जेवत जा वेळेवर. वाळलाय लई." तात्यांनी पुढच्याच महिन्यात मॅनेजरकी सोडली आणि खाली दुकानात परत रेडिओ उघडून बसले. त्यांनी काम सोडल्यावर कंपनीनं ती खोलीही सोडली. पोती आणि अंड्यांचे ट्रे कुणी उतरवले नाहीत. पुढं कितीतरी वर्षं तिथं एका क्लासची मुलं अंड्यांच्या ट्रेमध्ये बसून गणितं सोडवत होती.

त्याच वर्षी इंदापूरच्या एका मुलींच्या शाळेनं आईला बोलावलं. तिथल्या वाघमारेबाईंनी पहिल्या दिवसांत आमच्या घरी येऊन शब्द उतरवून नेले होते. सकाळची वेळ, शाळेचं पटांगण, मुली रांगेनं बसलेल्या. मी कडेला नाही, नेहमीसारखी आईच्या समोर, मुलींच्या पहिल्या रांगेत बसले होते. आईनं वहीचं गाणं धरलं. पहिल्या ओळीलाच मागं कुजबूज झाली. दुसऱ्या कडव्याला हसू. मग तिसऱ्या रांगेतली एक मुलगी, सातवीतली असेल, हात वर करून उभीच राहिली.

"आजी, तुमचं चुकलं. 'वही' न्हाय, 'चिठ्ठी' हाय."

"व्हय, आमच्यात कॅसेट हाय," दुसरी म्हणाली.

वाघमारेबाई लाल होऊन उठल्या. आईनं त्यांना हातानं बसवलं. "कसं हाय तुझ्या कॅसेटीत?" तिनं त्या मुलीला विचारलं. "म्हनून दाव बरं."

मुलगी लाजली, मग म्हणायला लागली. दुसऱ्या ओळीला सगळी रांग, आणि कडवं संपेपर्यंत सगळं पटांगण टाळ्यांवर ते म्हणत होतं. सख्याच्या चिठ्ठीत. आई मांडीवर ठेका धरून ऐकत होती. तिची ती हेलकाव्याची जागा आली, तेव्हा दोनशे मुलींनी ती घेतली, अगदी बरोबर. सगळं संपल्यावर आई म्हणाली, "गळा चांगला हाय तुझा. आता माजं एकदा ऐका. मग ज्ये गोड लागंल त्ये म्हना." आणि तिनं पहिल्यापासून पाचही कडवी म्हटली. मुली शांत होत्या. शेवटी टाळ्या वाजल्या. पण शाळा सुटल्यावर आम्ही फाटकातून बाहेर पडत होतो तेव्हा मागं मुली जे गुणगुणत होत्या, ते चिठ्ठीचंच होतं.

बारामतीच्या एसटीत आम्हाला मागची बाकं मिळाली. गाडी ओढ्याच्या पुलावर हळू झाली तेव्हा मी म्हटलं, "आई, तो कागद मला कळला नव्हता."

"कंचा?" तिनं विचारलं, पण तिला माहीत होतं.

"सहीचा. मला वाचता आला नाही. मी नुसती पानं उलटली."

आईनं खिडकीतून तोंड वळवलं. "म्या तुझ्या तोंडाकडं बघत हुते की," ती म्हणाली. "तू वाचाय लागलीस की तुझं व्हट हलत्यात. ल्हानपनापास्नं. त्या दिशी हललं न्हाईत."

"मग सही का केलीस?" मी विचारलं.

"मग काय करू? त्या परक्या मानसापुढं तुला 'येत न्हाय' म्हनाया लावू?" ती म्हणाली, आणि पदरात बांधलेले शेंगदाणे सोडून माझ्या हातात दिले.

मी ते हातात धरून बसले. रडू आलं नाही, लाज वाटली, आणि ती लाज आजही पूर्ण गेलेली नाही. पुढं मी तहसील कचेरीत नोकरी केली. तिथं लोक कागद घेऊन यायचे. मला एखादा शब्द अडला तर मी मोठ्यानं सांगायची, की हे मला समजत नाही, विचारून सांगते. साहेब माझ्यावर चिडायचे. चिडू देत.

घरी पोचल्यावर आईनं ट्रंक उघडून कागद काढला. म्हणाली, "दिलं त्ये दिलं. काय दिलं त्ये तरी कळू दे." मी कॉलेजच्या ग्रंथालयातून जाड डिक्शनरी आणली. चार दिवस लागले. आई भाकरी थापायची, दादा उंबऱ्यात बसायचे, मी एकेक शब्द शोधून वाक्य जुळवायची, आणि ती मला मधूनच म्हणायची, "परत सांग." असाइन म्हणजे सही करणं नव्हे, हवाली करणं. परपेच्युइटी म्हणजे कायमचं. गाणी, चाली, शब्द, आवाज, बगळासुद्धा. आणि पुढची पाच वर्षं ती जे नवं रेकॉर्ड करील, तेही.

"म्या गायचं न्हाय असं कुठं लिवलंय का?" तिनं विचारलं.

मी तीनही पानं परत पाहिली. "नाही. रेकॉर्ड करायचं नाही, दुसऱ्या कुणासाठी."

"मग करनार न्हाय," ती म्हणाली. "झालं."

आणि तिनं केलं नाही. पाच वर्षं संपली, मुंबईची ती कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीनं घेतली, कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या, त्याही गेल्या. आई मात्र कोऱ्हाळ्यापासून इंदापूरपर्यंत लग्नाला, बारशाला, कुणी वारलं तर पुण्यानुमोदनाला जात राहिली. समोर कुणी टेप धरली, पुढं मोबाईल धरला, तर ती गाणं थांबवून पाणी मागायची. जुनी 'लेकीची वही' आमच्याकडं एक आहे, तिची फीत ताणली गेलीय. आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो, आणि तो आईचा आहे हे माहीत असल्याशिवाय ओळखू येत नाही.

त्यानंतर तिनं अकरा गाणी केली. ती सगळ्यात चांगली होती, असं रमजानचाचा म्हणायचे, आणि त्यांना कळायचं. मी पहिल्यासारखी वही घेऊन बसले, तर तिनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "नगं लिवू," म्हणाली. "कागदावर गेलं की कुनाचं तरी हुतं." मी तिला समजावू शकले असते, की सगळे कागद तसे नसतात. चोरून लिहूनही ठेवता आलं असतं. पण त्या एका कागदानंतर तिला समजावायचं तोंड मला उरलं नव्हतं. मी पेन ठेवलं आणि नुसती ऐकत गेले, जमेल तेवढं पाठ करत गेले. त्या अकरांतली चार मला पूर्ण येतात. पाचव्याचं शेवटचं कडवं आठवत नाही, आणि आता विचारायला कुणी नाही.